दोलपुरी फाटते, रुगायची भाजी होते
मॉरिशसच्या पदार्थांविषयी वाचकांचे प्रश्न

मॉरिशसला काही वर्षं राहून परतलेल्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. काहींचं बालपण तिथलं, काही जणी तिथून लग्न होऊन इकडे आलेल्या, काही नोकरीपुरते गेलेले. तक्रार बहुतेकांची सारखी: साहित्य मिळतं, कृतीही पाठ आहे, पण घास तोंडात घातला की पदार्थ आपलाच कुठलातरी वाटतो, तिथला वाटत नाही. यात साहित्याचा दोष थोडा आहे, सवयीचा जास्त. 1834 पासून ऊसमळ्यांवर गेलेल्या बिहारी, तमिळ, तेलुगू आणि मराठी माणसांचा स्वयंपाक तिथे फ्रेंच, आफ्रिकी आणि चिनी हातांतून फिरला. त्यामुळे तिथलं प्रत्येक ताट अर्धं ओळखीचं दिसतं, आणि ओळखीचं दिसलं की आपला हात आपोआप हळद-हिंगाकडे जातो. तिथेच घोळ होतो.

खालच्या उत्तरांत चमचा 5 मिलीचा आणि मोठा चमचा 15 मिलीचा धरला आहे.

पुरणपोळी मला उत्तम जमते, पण दोलपुरी लाटताना सारण एका बाजूला पळतं आणि पुरी फाटते. फाटली नाही तर पापडासारखी कडक होते. डाळ कुकरला तीन शिट्ट्या करून घेते. काय चुकतं? (पुणे)

तीन शिट्ट्या, हेच पहिलं चुकतं. पुरणाला डाळ जितकी मऊ तितकी चांगली, दोलपुरीला अगदी उलट. सारण कोरडं आणि रव्यापेक्षा बारीक व्हायला हवं. कुकरमधली डाळ पाणी पिऊन लगदा होते आणि लगद्याची पूड कशी होणार?

प्रमाण सोळा-सतरा पुऱ्यांचं सांगतो. चणाडाळ 250 ग्रॅम, मैदा 400 ग्रॅम, हळद अर्धा चमचा, भाजून कुटलेलं जिरं दोन चमचे, तेल दोन मोठे चमचे कणकेत आणि तव्यासाठी वेगळं, मीठ. डाळ दोन-तीन तास भिजवा. मग भरपूर पाण्यात हळद घालून उघड्या पातेल्यात मध्यम आचेवर शिजवा. वीस मिनिटांनंतर दर दोन मिनिटांनी एक दाणा काढून अंगठा आणि बोटात दाबून पाहा. दाणा किंचित विरोध करून फुटला आणि आत ओली पेस्ट न दिसता कोरडा भुगा दिसला की गॅस बंद. दाणा बोटाला चिकटला तर उशीर झाला. डाळ लगेच चाळणीत उपसा आणि खालचं पिवळं पाणी ठेवून द्या. तेच कोमट करून मैदा भिजवायचा आहे. पुरीचा फिकट पिवळा रंग आणि डाळीचा वास पापुद्र्यातही उतरतो तो त्या पाण्यामुळे.

उपसलेली डाळ परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम डाळ मिक्सरला लावली तर वाफ भांड्यात अडकते आणि पुन्हा लगदा होतो. थोडी थोडी घेऊन बटण सोडत-दाबत फिरवा, जिरं-मीठ घाला आणि पुरणाच्या चाळणीतून काढा. वर राहिलेला एखादा अख्खा तुकडाच पुढे पुरी फाडतो, म्हणून चाळायचा कंटाळा नको. सारणाला मीठ अंदाजापेक्षा चिमूटभर जास्त लागतं, कारण बाहेरचा मैदा त्याची चव खातो.

कणीक पुरणपोळीइतकी सैल असू द्या: 400 ग्रॅम मैद्याला साधारण 250 मिली डाळीचं पाणी. दहा मिनिटं मळून, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा. गव्हाचं पीठ मिसळू नका. कोंड्यामुळे पारी इतकी पातळ ताणली जात नाही.

आता सारण पळण्याचं. पुरण गुळामुळे चिकट असतं, लाटताना ते कणकेबरोबर सरकतं. हे सारण वाळूसारखं मोकळं असतं आणि लाटण्याचा दाब जिकडून येतो त्याच्या उलट दिशेला धावतं. म्हणून 40 ग्रॅमच्या गोळीची वाटी करताना मध्ये जाड, कडेला पातळ ठेवा, 25 ग्रॅम सारण बोटाने दाबून भरा आणि तोंड चिमटून बंद करा. चिमटलेली बाजू खाली ठेवून गोळा तळव्याने चपटा करा आणि कडेकडेने बोटांनी थापत सारण काठापर्यंत ढकला. सगळे गोळे असे चपटे करून पाच मिनिटं तसेच राहू द्या. त्यानंतर लाटणं हलकं, मधून बाहेर, दर दोन फेऱ्यांनी पुरी वळवत. 18 ते 20 सेंटीमीटर झाली आणि पारीतून सारणाची पिवळी सावली सगळीकडे सारखी दिसली की थांबा.

कडकपणाचं कारण मंद तवा. जाड लोखंडी तवा चांगला तापवा, तेलाचा बोळा फिरवा, पुरी टाका, वरूनही बोळा फिरवा. एका बाजूला तीस-चाळीस सेकंद पुरेत. मध्येच टम्म फुगली तर उत्तम, पण तपकिरी डाग पडायला नकोत. डाग पडेपर्यंत थांबलात की पापड झालाच. उतरवली की थेट सुती फडक्यात, एकीवर एक. वाफेनेच ती मऊ राहते. उरल्या तर मध्ये बटर पेपर घालून महिनाभर फ्रीझरला टिकतात. गरम करताना तव्यावर नको, ओल्या फडक्यात गुंडाळून वाफेवर.

आणि वाढायची जोडीनेच. तिथे गाडीवर 'एन पेर' मागतात, म्हणजे दोन पुऱ्या किंचित सरकवून एकमेकींवर, त्यावर ग्रो प्वा (घेवड्याच्या दाण्यांची करी), रुगाय (टोमॅटोचा दाट रस्सा), मिरचीचा ठेचा, आणि गुंडाळी कागदात. एकच पुरी ओल्या रश्शाला टिकत नाही, इतकं साधं कारण आहे.

त्याच पुरीत घालायची ग्रो प्वाची करी. राजमा वापरला, पावटा वापरला, जमलं नाही. आणि तिथला करी मसाला इथे कशाने भागवायचा? (नाशिक)

ग्रो प्वा म्हणजे मोठा पांढरा घेवड्याचा दाणा. आपल्या किराणा दुकानात 'डबल बी' म्हणून जे मिळतं तेच मागा. राजम्याची साल जाड असते आणि तो रश्शात वेगळाच राहतो. पावट्याचा वास स्वतःचा आणि जोरदार. डबल बी शिजली की आतून लोण्यासारखी होते, तेच हवं.

250 ग्रॅम डबल बी रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात कुकरला मऊ करा. टोमॅटो यात आधी घालू नका. आंबटात कडधान्याची साल मऊ पडत नाही आणि मग कितीही शिट्ट्या केल्या तरी दाणा चिवट राहतो.

मसाला घरी करा. धणे 100 ग्रॅम, जिरं 25, बडीशेप 15, मिरी 10, मोहरी 10, मेथी 5, सुक्या लाल मिरच्या 15, लवंगा सहा, दालचिनीचा बोटभर तुकडा, सावलीत वाळवलेला कढीपत्ता दोन मुठी. सगळं कोमट होईल इतपतच शेका, काळं करू नका. दळून झाल्यावर हळद 25 ग्रॅम मिसळा. खोबरं, तीळ, दगडफूल यात काहीही नाही. गोडा मसाला घातलात तर चांगली उसळ होईल, पण ती उसळच.

दुसरी गोष्ट घालण्याच्या पद्धतीची. आपण मसाला तेलावर किंवा रश्शावर कोरडा टाकतो. तिथे दोन मोठे चमचे मसाला पाव वाटी पाण्यात कालवून चिखलासारखा करतात आणि कांदा, आलं-लसूण परतल्यावर तो तेलात ओततात. पाणी आटून तेल कडेला सुटेपर्यंत परततात. पाण्यामुळे मसाला जळत नाही, शिजतो, कच्चा वास जातो. मग दहा-बारा ताजी कढीपत्त्याची पानं, थाइमची एक काडी, दोन टोमॅटो, आणि टोमॅटो गळल्यावर शिजलेली डबल बी. कढीपत्ता आणि थाइम एका कढईत, हीच तिथल्या करीची खूण. शेवटी मूठभर दाणे डावाच्या पाठीने चेचून रस्सा दाट करा. पुरीतून मनगटापर्यंत ओघळ आला तर करी पातळ झाली म्हणून समजा.

रुगाय करते पण ती टोमॅटोची भाजी लागते. थाइम नाही म्हणून ओवा घालते, तोही फार पुढे येतो. तिथल्यासारखा खारा मासा कुठून आणायचा? (दादर, मुंबई)

हळद, जिरं, मोहरी, धणेपूड यातलं काही घालत असाल तर आजपासून बंद. रुगायमध्ये फक्त कांदा, लसूण, आलं, हिरवी मिरची, थाइम, टोमॅटो, वरून कोथिंबीर आणि कांद्याची पात. रंग स्वच्छ लाल यायला हवा. हळदीने तो केशरी होतो आणि चवही मग भाजीकडे वळते.

टोमॅटो हा खरा प्रश्न. तिथला पॉमदामूर लहान, आंबट आणि गराचा असतो. इथला लांबट, जाड सालीचा संकरित टोमॅटो प्रवासासाठी बनवलाय, रुगायसाठी नाही. गावठी टोमॅटो मिळाले तर तेच घ्या. नाही मिळाले तर 750 ग्रॅम टोमॅटो उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून सोला, आडवे कापून बियांचं पाणी चाळणीवर निथळू द्या आणि गर हाताने चुरडा. मिक्सरला लावू नका. त्यात हवा भरते, रंग गुलाबी पडतो आणि शिजल्यावर ते सूप दिसतं. पसरट कढईत तीन मोठे चमचे तेल, एक मोठा कांदा उभा पातळ चिरून, तो तांबूस न करता फक्त काचेसारखा होऊ द्या. मग ठेचलेलं आलं-लसूण दीड चमचा, थाइम, उभ्या चिरलेल्या तीन मिरच्या, मग टोमॅटो. झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं. तेल सुटलं की झालं. साखर नको, चिंचही नको.

ओव्याचं तुमचं अनुमान रास्त आहे, कारण ओवा आणि थाइम दोघांच्याही वासामागे थायमॉल हेच द्रव्य आहे. पण ओव्यात ते इतकं एकवटलेलं असतं की पाव चमच्यानेही पदार्थ काढ्यासारखा लागतो. घालायचाच तर सहा-आठ दाणे, चुरडून. त्यापेक्षा कुंडीतल्या पानओव्याचं एक पान बारीक चिरून घाला, ते जास्त जवळ जातं. सुकं थाइम ओरेगॅनोशेजारी बाटलीत मिळतं. चार माणसांच्या रुगायला अर्धा चमचा पुरे, आणि ते टोमॅटोच्या आधी तेलात पडलं पाहिजे. कुंडीत लावणार असाल तर मातीत निम्मी वाळू मिसळा आणि पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या आत घ्या. थाइम उन्हाने क्वचित मरतं, मुळाशी साचलेल्या पाण्याने हटकून.

खाऱ्या माशासाठी तिथे स्नूक वापरतात. आपल्याकडे सुक्या मासळीच्या बाजारात खारवलेली सुरमई मागा, तिचे जाड तुकडे टिकतात. खारा बांगडा चालेल, पण काटे आणि वास दोन्ही वाढतात. 150 ग्रॅम मासा तीन-चार तास पाण्यात, पाणी दोनदा बदलून. एक कपचा चाखून पाहा. खारटपणा फारच वाटला तर पाच मिनिटं उकळून ते पाणीही फेका. मग कोरडा पुसून, थोड्या तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत तळा आणि तयार रुगायमध्ये शेवटची पाच मिनिटं घाला. रुगायला तोपर्यंत मीठ घालायचं नाही. ही एक चूक झाली तर नंतर सुधारत नाही, बटाटा टाकूनही नाही.

तिथलं माशांचं विंदाय आणि आमचं गोव्याचं विंदालू एकच का? माझं विंदाय कडू होतं. (मडगाव)

नाव एकाच घरातलं. दोन्हीमागे वाइन आणि लसूण असा अर्थ असलेला पोर्तुगीज शब्द आहे. पण गोव्यात त्यात लाल मिरचीचं वाटण आलं, मॉरिशसमध्ये मोहरी आणि हळद. तिथलं विंदाय पिवळं, कोरडं, लोणच्याच्या वळणाचं असतं. त्यात रस्सा नसतो.

कडवटपणा येतो तो मोहरी जळून. धूर येणाऱ्या तेलात मोहरीची पूड पडली की काही सेकंदांत ती काळवंडते आणि मग व्हिनेगर कितीही ओता, उपयोग नाही. दोन मोठे चमचे मोहरी, शक्यतो निम्मी पिवळी, दोन मोठे चमचे व्हिनेगरमध्ये पंधरा मिनिटं भिजवून जाडसर वाटा. नुसत्या पाण्यात वाटलेली मोहरी झणझणीत चढते, नाकात जाते; व्हिनेगरमध्ये वाटली की तिचा तो जोर आवरतो.

अर्धा किलो सुरमई किंवा ट्यूनाच्या बोटभर जाड फोडी हळद-मीठ लावून पूर्ण तळून काढा. तेल गाळून त्यातलं सहा मोठे चमचे पुन्हा कढईत घ्या, आच मंद. बारा लसूणपाकळ्या उभ्या अर्ध्या करून, पंधरा सांबारचे छोटे कांदे सोलून अर्धे करून, पाच मिरच्या चिरून त्यात घाला. दोन मिनिटं, कांद्याचा कचकचीतपणा राहिला पाहिजे. हळद एक चमचा, मग वाटलेली मोहरी, जेमतेम मिनिटभर. वर दोन मोठे चमचे व्हिनेगर, मीठ, आणि गॅस बंद. मासा आता घाला आणि डावाने न ढवळता कढई हलवून मसाला लागू द्या. गार झाल्यावर काचेच्या बरणीत. त्याच दिवशी खाल्लंत तर व्हिनेगर, मोहरी, मासा तिन्ही वेगवेगळे लागतील; दुसऱ्या दिवशी ते एक होतात. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतं, मात्र पाण्याचा थेंब आणि ओला चमचा आत जाऊ देऊ नका.

तुमच्याकडचं माडाचं व्हिनेगर जरूर वापरा, फक्त ते बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरपेक्षा सौम्य लागतं, तेव्हा एक चमचा वाढवा. तिथे ऑक्टोपसचं विंदायही आवडीचं; ऑक्टोपसला तिथे 'उरीत' म्हणतात. ऑक्टोपस मीठ न घालता पाऊण तास तरी उकळून मऊ करावा लागतो. माकुल घेणार असाल तर हे अजिबात करू नका: दीड-दोन मिनिटांत गॅसवरून काढा, नाहीतर रबर होतं.

गातो पिमा तेलात फुटतात. फुटले नाहीत तर दगड होतात. (ठाणे)

डाळवडाच आहे हा, आकाराने लहान आणि आतून हलका. फुटतात ते पाण्यामुळे, दगड होतात ते बारीक वाटून घट्ट वळल्यामुळे. 250 ग्रॅम चणाडाळ पाच-सहा तास भिजवून अर्धा तास चाळणीत निथळा. पाण्याचा थेंबही न घालता चार भाग भरड आणि एक भाग अगदी गंधासारखा वाटा. तो बारीक भागच बांधून ठेवतो, बेसन लागत नाही. चार मिरच्या, तीन कांद्यांची पात, मूठभर कोथिंबीर, चमचाभर जिरं. मीठ मात्र घाणा सोडायच्या क्षणी, कारण मिठाने पातीला पाणी सुटतं. आलं, हिंग, लसूण नाही. लहान लिंबाएवढा गोळा हातात तीन बोटांनी सैल आवळायचा आणि मध्यम तापल्या तेलात सोडायचा. तेल फार तापलं असेल तर बाहेर रंग येतो आणि आत कच्चा डाळीचा वास राहतो.

पावात खायचे असतील तर लादी पाव नको, तो गोडसर आणि मऊ पडतो. मुंबईत ब्रून, गोव्यात उंडो. पाव उघडून गार लोणी जाड लावायचं आणि गरम गातो पिमा आत चेपायचे. लोणी निम्मं वितळतं, निम्मं राहतं. मिरची आणि लोणी यांची ती जोडी चटणीने भरून निघत नाही, म्हणून आम्ही चटणीची शिफारस करणार नाही.

तिथे रोज कुठल्यातरी 'ब्रेद'चं सूप असायचं. ती पानं इथे मिळतील का? (रत्नागिरी)

बहुतेक तुमच्या परसातच आहेत. ब्रेद म्हणजे पालेभाजी. ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला (तमिळ मुरुंगै आठवा), ब्रेद सोंज म्हणजे अळू, ब्रेद मालबार म्हणजे माठ. ब्रेद शुशू हे शुशूच्या वेलाचे कोवळे शेंडे. शुशू आपल्याकडे 'चौचौ' नावाने भाजीवाल्यांकडे दिसतं, हिरवट, पेरूच्या आकाराचं, सुरकुतलेलं. शेंडे बाजारात मिळत नाहीत, वेल लावावा लागतो. अख्खं फळ कोपऱ्यात ठेवा, टोकाशी कोंब आला की कोंब वर ठेवून तिरकं, अर्धं मातीबाहेर पुरा.

हे सूप, म्हणजे बुयों, इतकं साधं आहे की त्यात चुका घालण्यानेच होतात, वगळण्याने नाही. चमचाभर तेलात चिरलेला कांदा, ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या, आल्याचा पेरभर तुकडा. एक लिटर पाणी, मीठ, उकळी, मग निवडलेला पाला दोन भरगच्च मुठी. शेवग्याला चार-पाच मिनिटं पुरेत. पुढे तो काळपट आणि कडसर होतो. शेंडे आणि माठ सहा-सात मिनिटं. डाळ, दाणे, बेसन, गूळ नको. पाणी पाण्यासारखंच राहू द्या. अळूचं मात्र वेगळं. खाज जाईपर्यंत ते पूर्ण शिजवायला हवं आणि त्यात चिंचेचा कोळ घालायचा. सोबत भात, वरच्या पद्धतीचा तळलेला खारा मासा आणि खोबऱ्याची सातिनी. त्या चटणीचं खोबरं भाजून घेतात, मग पुदिना, चिंच आणि मिरचीबरोबर वाटतात. हिला फोडणी देत नाहीत.

रताळ्याच्या गोड करंज्या, गातो पाताट, तळताना उलतात. (कोल्हापूर)

रताळी पाण्यात उकडलीत का? मग पाणी आत गेलं, ते सुकवायला मैदा वाढला आणि मैदा वाढला की चव गेली. अर्धा किलो रताळी सालीसकट वाफवा, गरम असताना किसा, परातीत पसरून वाफ जाऊ द्या. पूर्ण गार झाल्यावर मैदा घाला, आधी 100 ग्रॅम, लागला तर 130 पर्यंत. मळू नका, नुसतं गोळा करा. सारण ओल्या नारळाचा चव 100 ग्रॅम, साखर 50, वेलची. चव ओलसर वाटला तर कोरड्या कढईत दोन मिनिटं परता. सुटलेली साखर आणि कडेला चिकटलेला एखादा खोबऱ्याचा कण, एवढ्यानेच करंजी उलते. पारी तीन मिलीमीटर जाड, वाटीने गोल कापून, अर्धचंद्र दुमडून, कडा काट्याने दाबा. तेलात एका वेळी चारच, कारण गार गोळ्यांनी तेल निवलं की त्या तेल पितात. उकडीच्या मोदकाचं सारण गुळाचं असतं म्हणून इथेही गूळ घालावासा वाटेल. गूळ तेलात लवकर पाझरतो, साखरच बरी.

अलुदा आणि फालुदा यांत फरक काय? माझं चायना ग्रास नीट जमतच नाही. (नागपूर)

फालुद्यातल्या शेवया अलुदात नसतात, त्यांच्या जागी किसलेली जेली असते. पोर्ट लुईच्या बाजारात मोठ्या पेल्यात मिळतो तो हाच: थंड दूध, सब्जा, जेली, सिरप.

चायना ग्रास पाण्यात नुसतं गरम करून भागत नाही, ते उकळावंच लागतं. 10 ग्रॅमच्या दोऱ्या कापून 600 मिली पाण्यात अर्धा तास भिजवा, मग ढवळत उकळा आणि डाव उचलून धार पाहा: धारेत एकही पारदर्शक धागा दिसायला नको. दिसला तर अजून उकळा. नंतर तीन मोठे चमचे साखर आणि थोडं दूध घालून ताटात ओता. साधारण 40 अंशांच्या खाली ते आपोआप धरतं, फ्रीज लागत नाही. घट्ट झालं की मोठ्या भोकांच्या किसणीवर किसा. लिंबू किंवा आंबट फळाचा रस यात उकळताना घालू नका, पकड सैल पडते.

सब्जा एक मोठा चमचा एक कप पाण्यात वीस मिनिटं. एक लिटर दूध तापवून, 80 ग्रॅम साखर घालून, बर्फासारखं गार करा. बदामाचं किंवा व्हॅनिलाचं इसेन्स अर्धा चमचा. गुलाबी हवा असेल तर गुलाबाचं सरबत. दूध आटवू नका, ही बासुंदी नाही. जेली नळीतून वर यायला हवी, म्हणून नळी जाड घ्या.

नापोलितेन बिस्किटं घरी जमतील? (पनवेल)

जमतील. 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम मऊ लोणी, चिमूट मीठ, साखर अजिबात नाही. सगळी गोडी दोन बिस्किटांच्या मधल्या जॅमची आणि वरच्या गुलाबी आयसिंगची. बोटांनी चोळून गोळा करा, अर्धा तास फ्रीजमध्ये, एक सेंटीमीटर जाड लाटून गोल कापा. 160 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, कडा पांढऱ्या असतानाच बाहेर. तांबूस झाली तर नानकटाई झाली. पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंग ओतू नका, वाहून जातं. आयसिंगला पिठीसाखर 200 ग्रॅम आणि पाणी तीन मोठे चमचे. पाणी चमच्याचमच्याने घाला.

चिंच-मिरचीतला तिथला अननस. इथला अननस फिका लागतो. (सावंतवाडी)

बाजारात केरळचा वाळकुळमचा अननस विचारा. वाळकुळमला पिकतो त्या वाणाचं नावच 'मॉरिशस' आहे. फळ लहान, डोळे खोल, गर पिवळाधमक आणि करकरीत. साल उभी काढून डोळे तिरक्या ओळीत खाचा पाडून काढा, म्हणजे गर कमी वाया जातो. पूर्ण पिकलेलं फळ नको. बुडाशी हात दाबला तर जेमतेम दबेल असं घ्या, नाहीतर मसाल्यात लगदा होतो.

एका फळाला दोन मोठे चमचे चिंचेचा दाट कोळ, अर्धी वाटी पाणी, दोन मोठे चमचे साखर, पाऊण चमचा मीठ, एक चमचा कुटलेली लाल मिरची. मिरचीची पूड नको, तिने पाणी गढूळ होतं. सगळं आधी एकत्र ढवळून चाखा, मीठ किंचित पुढे लागलं पाहिजे, कारण फोडींचं पाणी सुटल्यावर ते मागे जातं. फोडी घालून अर्धा तास फ्रीजमध्ये. याच पाण्यात कच्च्या कैरीच्या किंवा काकडीच्या फोडीही चालतात, आणि फोडी संपल्यावर उरलेलं पाणी टाकून देऊ नका, ते प्यायचं असतं.